एक तुमच्या आवडीचं, एक माझ्या

या सदरात नव्यानं येणाऱ्यांसाठी आधी थोडं. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी २७ वर्षं ग्रंथपाल आहे. ‘ग्रंथपाल’ हा शब्द मानधनाच्या पावतीपुरता. एरवी झाडू मारणं, वर्गणीसाठी दारोदार फिरणं, कौल सरकलं की खाली पातेलं ठेवणं, ही कामंही माझीच. आमचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या यादीत सगळ्यांत खाली. वर्गणीदाराला एका वेळी दोन पुस्तकं मिळतात, असं नियमात आहे. त्यातलं एक तुमच्या आवडीचं आणि एक माझ्या, असं नियमात नाही. ते मी घुसडलं.

झालं असं, की वरच्या वाडीतले एक आजोबा कित्येक वर्षं फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या न्यायचे. कपाट संपलं तसं त्यांनी पहिल्या पुस्तकापासून परत सुरू केलं. एकदा मी त्यांच्या पिशवीत न विचारता दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ सरकवलं. महिन्यानं आले ते तणतणतच. “ह्यात गोष्टच नाही!” म्हटलं, मग द्या परत. तर म्हणाले, “परत कशाला? अजून आषाढच चाललाय. श्रावण लागला की श्रावणाचं वाचीन.” वर्षभर पुस्तक त्यांच्याकडेच. दंड मी भरला.

तेव्हापासून मी कुणाला एकटं पुस्तक देत नाही. दुसरं न वाचता परत आणलंत तरी माझी हरकत नसते. पण चाळिसाव्या पानात केळीच्या सोपटाची खूण राहून गेलेली दिसली, की त्या दिवशी मला घरी जेवण जरा जास्त जातं. इथेही तीच पद्धत. तुम्ही एक विचारा, मी दोन सांगणार.

प्रश्न : मी मूळची खेडची, आता डोंबिवलीत. आम्ही चार मैत्रिणी महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतो आणि काय वाचलं ते एकमेकींना सांगतो. मुलाबरोबर ‘तुंबाड’ सिनेमा पाहिला, तेव्हापासून ‘तुंबाडचे खोत’ वाचायचं मनात आहे. पण ते दोन जाडजूड भाग बघितले की हात मागे येतो. त्यात भुताटकी किती आहे? आणि चौघींनी मिळून कसं वाचावं?

उत्तर : ताई, आधी तुमच्या मुलाची निराशा करून टाकते. सिनेमातला तो हस्तर नावाचा राक्षस कादंबरीत शोधू नका. कादंबरी १९८७ ची, सिनेमा २०१८ चा. सिनेमावाल्यांनी नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीचं आणि भीती घेतली नारायण धारपांच्या एका गोष्टीतली. २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा थेटरात लागला, तेव्हा आमच्याकडे आठवडाभरात तीन कॉलेजची पोरं ‘ते भुताचं पुस्तक’ मागायला आली होती. तिघांनाही पहिला भाग दिला. एकानं दुसऱ्या दिवशी परत केला, एकानं महिन्यानं. तिसरा अजून दुसऱ्या भागात आहे आणि रस्त्यात भेटला की काय घडलं ते मला सांगतो, जसं काही मी वाचलेलंच नाही.

पुस्तक आहे जगबुडीच्या काठच्या खोतांच्या चार पिढ्यांचं. तुम्ही खेडच्या, म्हणजे जगबुडी तुम्हाला पुलावरून ठाऊक. पावसाळ्यात ‘जगबुडीनं इशारा पातळी ओलांडली’ ही बातमी आली की डोंबिवलीत बसूनही तुमच्या पोटात गोळा येत असणार. तीच नदी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीनं समुद्राला जाते. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. मुंबईत ‘बेस्ट’मध्ये त्यांनी नोकरी केली. म्हणजे आपल्यासारखेच चाकरमानी. गाव सोडलेल्या माणसाला गाव जसं दिसतं, नको तितकं स्पष्ट, तसं त्यांना दिसतं. वाड्यात राहणाऱ्याला ते दिसलं नसतं, असं माझं मत.

आता वाचायचं कसं. पहिली शंभरेक पानं माणसांची नावं लक्षात ठेवण्यातच जातात. मी शेवटी जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर वंशावळ मांडली. जो मेला त्याच्या नावापुढे फुली. तुम्ही चौघी तसंच करा, पण वंशावळ एकच ठेवा आणि जिच्याकडे पुस्तक तिच्याकडेच ती राहू द्या. पहिला भाग चौघींचा वाचून झाल्याशिवाय दुसरा घरात आणू नका. जिचं आधी संपतं ती पुढचं सांगून मोकळी होते, हे मी दोन जावांच्या बाबतीत पाहिलंय. दोघी वर्षभर पुस्तकाविषयी सोडाच, एकमेकींशीच बोलत नव्हत्या. आमच्याकडे पहिल्या भागाची मागची तारीखपट्टी भरली म्हणून मी दोनदा नवी चिकटवली. दुसऱ्या भागाची पहिलीच पट्टी अजून अर्धी कोरी आहे. हे पेंडशांना कमीपणा म्हणून सांगत नाही. दुसरा भाग ज्यांनी नेला, त्यांतल्या निम्म्यांनी तो पुन्हा एकदा नेलाय.

आणि जोडीला, माझ्या आवडीचं म्हणून, ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’. का, ते पुढच्या पत्रात येतंय.

प्रश्न : मी निवृत्त पोस्टमन. रत्नागिरी तालुक्यातल्या वाड्या पायाखाली घातल्यात. वाचनाची आवड टपाल वाटतानाच लागली, लोकांची मासिकं पोचवण्याआधी चाळायचो (आता सांगायला हरकत नाही). पण कोकणावरचं कुठलंही पुस्तक उघडा: ओटी, झोपाळा, फणस आणि खोतांची भांडणं. माझी आजी त्या ओटीवर कधी चढली नाही. अंगणात उभी राहून बोलायची. तिचं कोकण कुठल्या पुस्तकात आहे?

उत्तर : तुमचं पत्र मी चार दिवस पिशवीत घेऊन फिरले. कारण त्याचं उत्तर देण्याआधी मला स्वतःची एक चूक सांगणं भाग आहे.

आमच्या वाचनालयात दाराशेजारी ‘कोकण’ अशी चिठ्ठी लावलेलं कपाट आहे. मीच केलेलं. पेंडसे, खानोलकर, जयवंत दळवी, मधु मंगेश कर्णिक, सगळे त्यात. चाकरमानी गणपतीत आले की सरळ त्याच कपाटाशी जातात. ‘आयदान’ आमच्याकडे आलं तेव्हा मी ते मागच्या भिंतीच्या कपाटात ठेवलं. तिथे चिठ्ठी होती ‘दलित साहित्य’. कित्येक वर्षं ते तिथे होतं, भिंतीला ओल येते त्या बाजूला. एक दिवस डी.एड. करणारी गावातलीच मुलगी ते परत करायला आली. म्हणाली, “काकू, हे फणसवळ्याचं आहे. फणसवळे रत्नागिरीतच ना? मग हे कोकणात का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्यासमोरच पुस्तक उचललं आणि दाराशेजारी नेऊन ठेवलं. तिथे जागा नव्हती, म्हणून पेंडशांचं एक आडवं केलं.

आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली सुपं, टोपल्या, रोवळ्या. तुम्हाला सांगायला नको. लेखिकेची आई ती विणायची. वडील मास्तर होते, ते लवकर गेले, आणि पोरांची शिक्षणं त्या विणकामावर झाली. पुस्तकाच्या सुरुवातीलाच डोक्यावर लाकडांचे, गवताचे भारे घेऊन डोंगर चढउतार करत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका आहेत. आमचे लेखक त्या वाटेचं वर्णन करतात तेव्हा करवंदं आणि धुकं असतं. इथे पायाखालचे दगड आहेत, घाम आहे, आणि ज्यांनी आपल्याला या आडबाजूला आणून बसवलं त्यांना घातलेल्या शिव्या आहेत. आणि बायका हसतातही, एकमेकींची थट्टा करतात, चावट बोलतात. रडगाणं अपेक्षित धरून पुस्तक उघडणाऱ्यांची इथे फजिती होते. पुस्तक २००३ चं. त्याआधीच त्यांनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं होतं, आंबेडकरी चळवळीतल्या बायकांवर. तेही मिळालं तर सोडू नका.

आता मी ते ‘तुंबाडचे खोत’बरोबर का देते? खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा. सारा भरून उरलेलं त्याचं. कुळानं किती द्यायचं हे बहुतेक त्याच्याच मर्जीवर. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. पेंडशांनी वाडा आतून दाखवला, त्यातले खोत काही देव करून दाखवले नाहीत, मोडताना आणि कुजताना दाखवले. पण दार उघडून आपण आतच जातो. ‘आयदान’ वाचलं की त्याच दाराच्या बाहेर उभं राहून आत काय दिसतं ते कळतं. दोन्ही एका पिशवीत असली पाहिजेत. एका आठवड्यात हे आणि पुढच्या आठवड्यात ते, असं नाही. वाचता वाचता एक मिटून दुसरं उघडता आलं पाहिजे.

माझ्या या जोडीवर आमच्या संचालक मंडळात एकदा चर्चा झाली. “तुम्ही लोकांना पुस्तकं देता की शिकवण्या घेता?” असं एकांनी विचारलं. मी म्हटलं, दोन पुस्तकांचा नियम तुमचाच आहे. विषय तिथे संपला, पण त्यांनी तेव्हापासून स्वतःची पुस्तकं नातवाला न्यायला पाठवायला सुरुवात केली.

तुमच्यासाठी आणखी एक. सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर. ‘चाळेगत’ आधी वाचा, मग ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’. दुसऱ्याला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आजचं कोकण हवं असेल तर तिथे आहे. झोपाळा नाही, हमी देते.

आणि आजीबद्दल तुम्ही लिहिलंत त्या दोन ओळींच्या पुढचं काही आठवत असेल तर वहीत लिहून ठेवा. टपाल वाटणाऱ्या माणसाला किती अंगणं आणि किती ओट्या ठाऊक असतील! छापायचं की नाही ते नंतर बघू.

प्रश्न : मावशी, मी हर्णैला बोटीवर खलाशी आहे. बारावी झालोय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट शाकारून ठेवलीय. दुपारपर्यंत जाळ्यांची कामं, मग वेळच वेळ. आजोबांच्या पेटीत बाबूराव अर्नाळकरांच्या बारक्या रहस्यकादंबऱ्या होत्या, त्या सगळ्या वाचून झाल्या. आता काय वाचू? दोन अटी आहेत. जाड नको आणि समुद्र नको. समुद्र रोज बघतो.

उत्तर : सगळ्या वाचल्यास? अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहिल्यात. आजोबांची पेटी एवढी मोठी होती का? असो. ज्याला अर्नाळकर सुटत नाहीत त्याला वाचनाचं काही शिकवावं लागत नाही. पान उलटायची घाई तुला आहे, तेवढं पुरे.

तुझ्या दोन्ही अटींत बसणारं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’, १९५५ चं. शंभर-सव्वाशे पानं. एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला पायी निघतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे. मास्तराला पोरं गोळा करण्यापासून सुरुवात. तू ते पागोळ्यांचा आवाज ऐकत वाचशील, पायाला चिखल, दोरीवर न वाळलेली बनियन. आणि पुस्तकात पानोपानी धूळ. पाऊस येत नाही म्हणजे काय, हे आपल्याला कोकणात कळायचं दुसरं साधन नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून माठातलं पाणी प्यायले होते.

आता माझं पुस्तक, आणि तुझी दुसरी अट मोडते. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’, १९६६ ची. खानोलकर म्हणजेच कवी आरती प्रभू. वेंगुर्ले तालुक्यातले, कुडाळला त्यांनी खानावळ चालवली, आणि अवघे ४६ वर्षांचे असताना गेले. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा नावाची जागा खरोखरच आहे. कड्यातल्या घळीत लाट शिरली की आत घुमते. तू रोज बघतोस तो समुद्र भरती-ओहोटीचा, डिझेलच्या खर्चाचा, म्हावरं लागलं की नाही त्याचा. हा समुद्र माणसाला देणं देतो आणि मग त्याची किंमत वसूल करतो. तुझ्या घरी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना म्हातारी माणसं जे पुटपुटतात, ते तुला यात ऐकू येईल. रात्री एकटा असशील तर वाचू नकोस. आणि समजलं नाही तर मला विचारू नकोस, दोनदा वाचून मलाही पुरतं समजलेलं नाही.

ऑगस्टात बोट सुटली की डब्याबरोबर विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ ने, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. १९३९ चं, बारकंसंच आहे. सगळं बोटीवर घडतं, पण मासे कुणी पकडत नाही. युरोपातून येणारी बोट आहे, तीत जर्मनीतून पळालेले ज्यू आहेत, आणि एक मराठी माणूस प्रेमात पडतो. बाकी सांगत नाही. तांडेलाला वाचायला दिलंस तर तो काय म्हणाला ते मात्र नक्की कळव.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. ‘श्यामची आई’ समोर ठेवलं की पळून जातो. आम्ही दापोलीचे, साने गुरुजींचं पालगड आमच्याच तालुक्यात, त्यामुळे आणखी वाईट वाटतं.

उत्तर : तालुक्याचा आणि पळण्याचा संबंध नाही. समोर ठेवू नका, वाचून दाखवा. ते पुस्तक रात्री सांगितलेल्या गोष्टींचंच आहे, एकेक रात्र एकेक गोष्ट. झोपताना दिवा घालवण्याआधी एक, आणि चांगली रंगली की तिथेच थांबायचं. दिवसा त्याला भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्या आणि त्याच्याकडे बघू नका. तो वाचतोय हे तुम्हाला कळलंय, हे त्याला कळता कामा नये.

प्रश्न : माझी पुस्तकं लाकडी कपाटात आहेत. दर पावसाळ्यात बांधणीवर पांढरी-हिरवी बुरशी येते. डांबरगोळ्या ठेवल्या, उपयोग नाही. यंदा घरात पाणी शिरून खालच्या खणातली काही भिजलीसुद्धा. काय करू? (चिपळूण)

उत्तर : वाचनाच्या सदरात हा प्रश्न कसा, असं कुणी म्हणू नये. कोकणात पुस्तक आवडण्याआधी ते टिकावं लागतं. तुमच्या गावातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ च्या आणि पुन्हा २२ जुलै २०२१ च्या पुराचं पाणी शिरलं, ते आठवलं की मी आमचा खालचा खण रिकामाच ठेवते.

डांबरगोळी कसरीला आणि झुरळाला. बुरशी तिला भीक घालत नाही. बुरशीला हवी असते ओल आणि कोंडलेली हवा, दोन्ही तुमच्या कपाटात भरपूर. कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर आधी हलवा, झड तिथेच बसते. कुठल्याही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. खण ठासून भरू नका, दोन पुस्तकांच्या मध्ये सहज बोट गेलं पाहिजे. उघडीप मिळेल त्या दिवशी दारं उघडी टाकून पंखा लावा. बुरशी पुसायची ती घराबाहेर, नाकाला फडकं बांधून, मऊ कोरड्या ब्रशनं. ओल्या फडक्यानं पुसलीत तर तुम्ही तिला पाणीच घातलंत. आणि कडक उन्हात वाळवण घातल्यासारखी पुस्तकं पसरू नका. कागद पिवळा पडतो आणि बांधणीचा डिंक तडकतो. पडवीतली वाऱ्याची सावली उत्तम.

भिजलेल्या पुस्तकाची पानं एकेक सोडवायला जाऊ नका, फाटतील. आधी उभं करून निथळू द्या. मग वीस-पंचवीस पानांमागे एक वर्तमानपत्राचा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. दिवसातून चार वेळा बदलावा लागेल, कंटाळा करू नका. गुळगुळीत कागदाची पुस्तकं आधी घ्या, ती एकदा चिकटली की वीट होते. एकदम पुष्कळ भिजली असतील आणि हात अपुरे पडत असतील, तर काही पुस्तकं पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवता येतात. बुरशी तिथल्या तिथे थांबते, मग सवडीनं एकेक काढून वाळवा. कोळंबीच्या शेजारी मात्र नको, आमच्या वाचनालयातल्या एका कवितासंग्रहाला अजून वास येतो.

फाटलेलं पान सेलोटेपनं चिकटवलंत तर ते पान गेलं असं समजा. घरी केलेली खळ वापरा, खळीत चिमूटभर मोरचूद टाका म्हणजे कसर लागणार नाही. जुने बाइंडर तेच करत आले. मोरचूद विषारी असतं, हात धुवा.

जोडपुस्तक? तुम्हाला या महिन्यात पुस्तक नाही, वर्तमानपत्राची रद्दी लागणार आहे.

प्रश्न : माझं ‘व्यक्ती आणि वल्ली’ तीन वर्षांपूर्वी व्याह्यांनी नेलं. मुलीच्या सासरचे, मागायचं कसं?

उत्तर : दुकानातून नवी प्रत आणा, ती त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, “ही तुमची. माझी तेवढी द्या, तीत माझ्या खुणा आहेत.” नवं पुस्तक हातात असताना जुनं नाकारणारे व्याही मी अजून पाहिलेले नाहीत. तेही दोन्ही ठेवून घेणारे निघाले, तर मुलीला एका शब्दानं सांगू नका.

प्रश्न : तुम्ही सगळ्यांना सांगता. स्वतः अलीकडे काय वाचलंत? खरं सांगा, आणि काय सोडून दिलंत तेही.

उत्तर : सोडलेलं आधी. सहाशे पानांची एक कादंबरी, नाव सांगत नाही, मुंबईहून येणारा प्रत्येक जण “वाचली नाही?” म्हणून विचारतो. दोनशे पानांवर थांबले. प्रत्येक माणूस खिडकीतून बाहेर बघत विचार करत होता. खिडकी माझ्याकडेही आहे.

वाचलेली दोन, आणि दोन्ही जुनी. पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ आणि धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’. ही जोडी मी ठरवून लावली नाही. मेमध्ये कपाटं हलवताना दोन्ही एकाच वेळी हाताला आली.

गोडशांच्या घरावर कर्ज होतं. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं ऐकून १८५७ साली काका-पुतणे वरसईहून निघाले आणि थेट बंडाच्या तोंडी सापडले. झाशीचा वेढा या भटजीनं आत राहून पाहिला. जवळचे पैसे लुटले जातात, पुन्हा मिळतात, पुन्हा जातात. परत येताना दक्षिणेपेक्षा गंगेची कावडच काय ती खांद्यावर, आई-वडिलांना स्नान घालायला. हे त्यांनी लिहून काढलं १८८३ मध्ये, आणि छापून आलं १९०७ साली, ते गेल्यानंतर. राणीची गोष्ट म्हणून लोक हे पुस्तक नेतात. मला या वेळी त्यात कर्जाची गोष्ट दिसली. राणी ही वाटेत भेटते. घरी काय तोंड दाखवू, ही काळजी वरसईपासून वरसईपर्यंत त्यांच्याबरोबर चालते.

कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. परीक्षेला बसायचं म्हणून भर पावसात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. तिथे म्हणाले, तुझं वय लहान दिसतं, बसता येणार नाही. परत आले. पुढे जे महर्षी झाले, भारतरत्न झाले, ते सगळ्यांना माहीत. मला त्या परतीच्या वाटेचं पडलंय. जाताना पोटात भीती असते, उमेद असते. येताना तोच घाट, तोच पाऊस, आणि हातात काही नाही. आमच्या गावातून मुंबईला नोकरीसाठी गेलेली आणि सहा महिन्यांत परत आलेली पोरं मी पाहिलीत. गाडीतून उतरून ती आधी घरी जात नाहीत, एक-दोन तास वाचनालयात येऊन पेपर चाळत बसतात. त्यांतल्या एकाला मी हे ‘आत्मवृत्त’ दिलंय. वाचतो की नाही ठाऊक नाही, पण अजून परत आलेलं नाही.

‘माझा प्रवास’ सध्या माझ्याच घरी आहे, तारीख उलटून गेलीय. शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं वरसईपासून झाशीपर्यंतचा रस्ता काढलाय. सातपुड्यापाशी चुकला म्हणून खोडून पुन्हा काढलाय आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय : ‘इथे मीपण थांबलो.’ रजिस्टरातल्या सह्यांशी अक्षर ताडून बघतेय. १९९८ पर्यंत मागे जाऊन आले, अजून जुळलेलं नाही.